पेडल मऊ लागतंय

आमच्या घराला जो वास होता, तो आज कुणाला सांगायला गेले तर धड सांगता येत नाही. जळक्या तेलाचा म्हणावा तर तितका जळका नाही, रॉकेलचा म्हणावा तर रॉकेल निदान उडून तरी जातं. हा उडायचा नाही, बसून राहायचा. अंबरनाथला मोरिवलीत आमच्या दोन खोल्या होत्या, मागे पत्र्याची पडवी आणि त्या पडवीत दोन निळे ड्रम. वास तिथून निघायचा आणि गाद्यांत, पुस्तकांत, पिठाच्या डब्यात, माझ्या वेणीत शिरायचा. आई रविवारी सुकटीचं कालवण करायची. ठेचलेला लसूण, कोकम, वरून मूठभर कोथिंबीर. शेजारणी म्हणायच्या, तुमच्याकडं सुकट शिजली की आमच्या तोंडाला पाणी सुटतं. आमच्या ताटात येईपर्यंत मात्र त्या सुकटीवर तो दुसरा वास येऊन बसलेला असायचा. भाकरी मोडली की वाफेबरोबर तोच. मी जेवायचे, कारण भूक लागायची, पण घास तोंडात घोळवायचे नाही, गिळून टाकायचे. अजूनही माझं तसंच आहे. माझी मुलगी म्हणते, आई, तू जेवतेस की गोळ्या घेतेस?

त्या ड्रममध्ये काय होतं ते आधी सांगते. बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मिक्सिंगला होते. अठरा वर्षं एकाच खात्यात काढली आणि एक दिवस कंपनीला टाळं लागलं. वर्षभर बाबा घरात बसून होते. कंपन्यांचा भोंगा झाला की अंगात शर्ट चढवायचे आणि परत काढून खुंटीला लावायचे. मग आईचा धाकटा भाऊ, रमेशमामा, एक युक्ती घेऊन आला. कारखान्यांच्या मशिनीतून उतरवलेलं जुनं तेल त्याला मिळायचं. बाबांनी ते आईच्या जुन्या लुगड्यातून गाळायचं, त्यात थिनर आणि रंग घालायचा, मधासारखं दिसेपर्यंत ढवळायचं आणि पाव लिटरच्या बाटल्यांत भरायचं. बाटलीवर लेबल लागायचं, ‘ब्रेक ऑईल’. लेबल एका नामांकित कंपनीसारखंच होतं, नावात एक अक्षर तेवढं इकडचं तिकडं. लेबलं चिकटवायचं काम आईचं आणि माझं. मैद्याची खळ शिजवून थंड करायची, पुढ्यात बाटल्यांची रांग लावायची आणि बोटानं फासत जायचं. पडवीत बाबांच्या नरसाळ्याचा डबडब आवाज, आत बुचं बसवताना आईच्या लाटण्याचा टक टक. आम्ही त्याला ‘माल’ म्हणायचो. मामा आठवड्यातून दोनदा रिक्षा घेऊन यायचा, माल भरायचा, आईला गजरा आणि मला बर्फी द्यायचा. त्याच्या रुमालाला अत्तर लावलेलं असायचं. तो रुमाल नाकाशी धरून तो आमच्या पडवीत जायचा, हे मला तेव्हाही दिसत होतं.

ब्रेक ऑईल म्हणजे काय, ते कुठं जातं, काय करतं, हे मला ठाऊक नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. एकोणीस वर्षांची घोडी होते मी, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही, एवढंच खरं.

आमच्या घरात गाडीचं नाव काढणारी एकच व्यक्ती होती, बाबांची धाकटी बहीण, कमलआत्या. ती उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि बदलापूरच्या पुढे सोनिवलीत एकटी राहायची. लग्न केलंच नाही. तेव्हा सोनिवलीत सात-आठ इमारती आणि बाकी भातशेती. आता तिथं चोवीस मजली टॉवर झालेत, आत्याची इमारत शोधावी लागते. तिच्या ड्युटीच्या पाळ्या अशा असायच्या की रिक्षा मिळायची नाही, म्हणून तिनं एक जुनी पांढरी छोटी गाडी घेतली होती. आमच्या नात्यात गाडी चालवणारी ती पहिली बाई. विहारात आली की म्हातारे लोक तिला ‘जय भीम, ड्रायव्हरबाई’ म्हणायचे आणि ती हसून ‘जय भीम’ करायची. सकाळची पाळी असली की ती मला अंबरनाथहून उचलायची आणि कॉलेजपाशी सोडायची. सुट्टीच्या दिवशी चामटोलीच्या रस्त्याला मोकळं रान बघून मला चालवायला द्यायची. क्लच, गिअर, ब्रेक, सगळं तिच्या पायाशेजारी माझा पाय ठेवून शिकवलं तिनं. ब्रेक कसा लागला पाहिजे, तर म्हणायची, “दारावर पाय टेकवल्यासारखा. पाय टेकला की कळलं पाहिजे, पलीकडं काहीतरी आहे.”

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एकदा गाडी सुरू करता करता आत्या म्हणाली, “पेडल मऊ लागतंय गं.” मी पाय लावून बघितला. ओल्या गादीवर पाय पडावा तसं आत गेलं. शिसारी आली मला. लोखंडी वस्तूनं असं मऊ लागू नये. आत्या म्हणाली, “दोनदा दाबलं की येतं वर. या रविवारी दाखवते गॅरेजवाल्या हरीशभाईंना.” तो रविवार तिच्या ड्युटीत गेला, पुढचाही गेला. आम्हाला दोनदा दाबायची सवय झाली, मग तीनदा. माणसाला कशाचीही सवय होते. मला त्या वासाची झालीच होती.

मग अंबरनाथला पुलाच्या उतारावर ते झालं. सकाळचे सात वाजले असतील. आमच्या पुढं एक पाववाला सायकलवर चालला होता, मागे पावाचा मोठा करंडा, वर निळं प्लास्टिक. समोर रिक्षा आडवी आली म्हणून तो थांबला. आत्यानं ब्रेक दाबला. मी तिच्या पायाकडंच बघत होते. पेडल खाली गेलं ते गेलंच, पार जमिनीला टेकलं. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, मग हँडब्रेक खेचला. गाडी फरफटत गेली आणि सायकलला लागली. फार जोरात नाही, पण तो माणूस हातावर पडला. पाव सगळ्या रस्त्यावर. मागून आलेल्या टेम्पोचं चाक पावांवरून गेलं. पाववाला साठीचा असेल. तो मनगट पोटाशी धरून बसला होता आणि ओरडत नव्हता, नुसता “माझे पाव, माझे पाव” म्हणत होता. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, “बाईमाणूस चलायेगी तो यहीच होगा.” आत्यानं त्याला दुपट्ट्याच्या झोळीत हात बांधून दिला, रिक्षात घातलं आणि आपल्याच दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं. प्लास्टर होईपर्यंत ती त्याच्याजवळ उभी होती. 

गाडी हरीशभाईंच्या पोरांनी दोरानं ओढून नेली. हरीशभाई सिंधी, पन्नाशीचे, डोक्याला टक्कल, कानावर कायम पेन. उल्हासनगरला कॅम्प चार नंबरात त्यांचं गॅरेज होतं. मराठी-हिंदीची खिचडी बोलायचे. आत्याला सुट्टी मिळेना म्हणून मी कॉलेज बुडवून तिथं जाऊन बसले. त्यांनी सीटवर बसून पेडल दाबलं, डोळे मिटून, डॉक्टर नाडी बघतात तसं. तीनदा दाबून वर आणलं, मग पाय रोवून धरला. पेडल हळूहळू खाली बसत गेलं. ते उतरले आणि चारी चाकांच्या आतून हात फिरवून आले. हात कोरडा. “गळत तर कुठंच नाही,” म्हणाले. “हवा असेल. चल बेटा, तू बस, पेडल तू मार. मी सांगतो तसं.”

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात हे मला तेव्हा कळलं. एक आत पेडलवर, एक चाकाखाली. सगळ्यात लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. चाकाजवळ एक बारीक बोंडी असते, तिला त्यांनी पारदर्शक नळी लावली आणि नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडलं. “मार. मार. मार. पकड के रख!” मी पाय रोवून धरायचे, ते बोंडी सैल करायचे, नळीतून फस्स करून फेसाळ तेल जायचं आणि माझा पाय खाली बसायचा. “बंद केलं. आता छोड.” असं चाकामागून चाक. तासाभरानं पेडल बरंच वर आलं. हरीशभाईंनी मला कटिंग पाजला आणि म्हणाले, “उद्या बघू, टिकतं का.” दुसऱ्या दिवशी बघितलं तर पेडल परत ओल्या गादीसारखं.

मग ते हट्टालाच पेटले. चाकांकडं जाणारे रबरी पाइप त्यांनी फडकं गुंडाळून पकडींनी एकेक करून आवळले आणि दर वेळी मला पेडल दाबायला लावलं. सगळे पाइप आवळले तरी पेडल मऊच. “म्हणजे चाकांकडं काही नाही,” ते म्हणाले. “बिमारी इथं वर आहे, मास्टर सिलिंडरमधे.” तो त्यांनी खोलला आणि आतला दट्ट्या बाहेर काढला. त्याच्यावर रबराच्या छोट्या वाट्या असतात, त्यांच्या जोरावर सगळा ब्रेक. त्या वाट्या फुगून लिबलिबीत झाल्या होत्या. एकीची कड दुमडली होती. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. बोटाला चिकटली. मेलेल्या गोगलगाईसारखं ते रबर, आणि त्याला तो वास.

मी हात झटकला. वासाची ओळख पटायला मला एक क्षण लागला, कारण घराबाहेर तो मला कधी भेटला नव्हता.

हरीशभाईंनी चहाचा काचेचा ग्लास विसळून अर्धा पाणी भरला. फळीवरून एक सीलबंद बाटली काढली, ग्लासात थोडं ओतलं आणि चमच्यानं ढवळलं. ते पाण्यात विरघळून गेलं. “असली माल पाण्यात मिसळतो,” ते म्हणाले. मग दुसरा ग्लास घेतला आणि गाडीतल्या ब्रेक ऑईलच्या डब्यातून काढलेलं त्यात सोडलं. पिवळा थर वर येऊन बसला. ढवळलं, तरी परत वर. “हे ब्रेक ऑईलच नाही. हे मशीनचं तेल आहे. हे रबर खातं.”  मग हळू आवाजात म्हणाले, “सर्व्हिसिंगला मीच टाकलं. माझा माल संपला होता, समोरच्या काउंटरवरून घेतला. बाईसाहेबांच्या गाडीत मी माझ्या हातानं टाकलं.” त्यांनी फळीच्या मागून अर्धी रिकामी बाटली ओढून काढली आणि टेबलावर आपटली. लेबल एका बाजूला तिरकं होतं. खळ जास्त झाली की मी लावलेलं लेबल असंच डावीकडं सरकायचं. आई मला त्यावरून बोलायची. “किस हरामखोर ने बनाया है ये?” हरीशभाई म्हणाले. “अपनी माँ को बिठाया होता गाडी में.”

 ते नवीन किट घेऊन आले. सगळी रबरं बदलली, पाइप बदलले, नळ्या धुऊन काढल्या, खरं तेल भरलं. दोन दिवस मी परत पेडलवर बसले. मार, पकड, छोड. त्यांनी दिलेला चहा घेत होते. शेवटी पेडल असं घट्ट लागलं की माझा पायच थबकला. हरीशभाई आनंदानं म्हणाले, “आता खडक झाला!” आणि मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, पोरगी खूश झाली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मामा जेवायला आला होता. आईनं बोंबील केले होते. मी पानावर बसले नाही. पाहुण्यांसाठीचा काचेचा ग्लास काढला, पाणी भरलं, पडवीतून एक बाटली आणली आणि बाबांच्या ताटापुढं ग्लास ठेवून त्यात ओतली. पिवळा थर वर आला.

“हे काय गं? कॉलेजात शिकवतात का हे?” मामा हसला.

बाबांनी ग्लासाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि भात कालवायला लागले. “मला काय दाखवतेस? अठरा वर्षं मिक्सिंगला होतो. कशावर काय तरंगतं ते मला माहितेय.”

“कमलआत्याच्या गाडीत हेच होतं, बाबा. लेबल मी लावलेलं होतं. त्या पाववाल्याचा हात मोडला. आत्या मेली असती, मी मेले असते.”

बाबांचा हात थांबला. ते एकदम चिडले, पण माझ्यावर नाही. “कमळीला मी आधीच सांगून ठेवलं होतं! दहादा सांगितलं, तुझ्या गाडीत कंपनीचंच टाक, सील बघून घे. तिनं सगळं त्या मेकॅनिकवर सोडलं. त्याला मी काय करू?”

हे ते स्वतःच्या बचावासाठी बोलत होते. आपल्यावर अन्याय होतोय अशी त्यांची मुद्रा होती. बहिणीला सांगितलं होतं, म्हणजे झालं. जे त्यांचे बहीण-भाऊ नव्हते, त्यांनी मरावं. मी आईकडं बघितलं. ती माझी नजर चुकवून मामाला विचारत होती, “अजून एक घे ना, गरम आहे.” मामानं बोंबलाचा काटा तोंडातून ओढून काढला, त्याचा सुर्र आवाज झाला आणि मी मोरीत जाऊन ओकले. पोटात काही नव्हतं. आई पाठीवर हात फिरवायला आली. “नको हात लावूस,” मी म्हणाले. आईला मी असं बोलले याचं दुःख मला पुढं पुष्कळ झालं, पण त्या घटकेला तिचा हात मला खरंच सोसला नसता.

संध्याकाळी मी सोनिवलीला जाऊन आत्याला सगळं सांगितलं. ती गॅलरीत बसून मेथी निवडत होती. ऐकून घेतलं आणि निवडतच राहिली. मग म्हणाली, “दादा मला सील बघ, सील बघ म्हणायचा. मला वाटायचं, काळजीनं म्हणतो.” थोड्या वेळानं म्हणाली, “मीही त्याला विचारलं नाही कधी, की तुला एवढं कसं ठाऊक.”

सोमवारी मी हरीशभाईंना जाऊन सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी कानावरचा पेन काढून टेबलावर ठेवला. “और इतने दिन इधर बैठ के मेरी चाय पी तूने,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण आदल्या दिवशी ते माझ्याच चेहऱ्यावर होतं. लोक रागावले तर सोसतं. आपल्याकडं बघून कुणाला किळस आली तर कुठं बघावं ते कळत नाही. मग ते म्हणाले, “दुकानं सांग.” मी सांगितली. मामाबरोबर रिक्षातून मी गेलेच होते दोन-चारदा. ते स्कूटर काढून पाण्याचा ग्लास आणि ती बाटली घेऊन दुकान दुकान फिरले आणि प्रत्येक काउंटरवर लोकांसमोर तो प्रयोग केला. दोन दुकानदार शरमले. एकजण म्हणाला, चालतं हो, गिऱ्हाईकच स्वस्तातलं मागतं. पण महिन्याभरात आमचा माल परत यायला लागला.

बाबांना कळलं की हे माझ्यामुळं झालं. ते मला काही बोलले नाहीत, बोलणंच बंद केलं. मी कपडे आणि पुस्तकं घेऊन आत्याकडं राहायला गेले ती लग्न होईपर्यंत तिथंच राहिले. वाचणाऱ्याला वाटेल, बाबांना उपरती झाली असेल. तसं काही झालं नाही. मामानं ड्रम विकले आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या भरायचा धंदा काढला. पाणी कुठून आणायचा ते मी विचारलं नाही. या वेळी मला विचारायचंच नव्हतं, कारण उत्तर ठाऊक होतं. लेबलं आईच लावायची.

आणि माझं, आत्याचं काय? पाववाल्याचं प्लास्टर आत्यानं स्वतः काढलं, पुढं कितीतरी दिवस त्याला मनगटाचे व्यायाम शिकवले. तो तिला हात जोडायचा. गाडीत काय होतं, कुणी भरलं होतं, हे तिनं त्याला सांगितलं नाही. मीही नाही. हरीशभाईंना सांगायची हिंमत झाली, पोलिसांत जायची झाली नाही. सख्ख्या भावाचं, सख्ख्या बापाचं नाव तोंडातून निघालं नाही. मी किती बाटल्यांना लेबलं लावली, त्या कुणाकुणाच्या गाडीत गेल्या, हे मला कधीच कळणार नाही. बाबांबद्दल मी एवढं लिहिलं, तर हेही लिहिलंच पाहिजे.

आई गेल्यावर बाबांशी बोलणं सुरू झालं. त्यांचं कुणीतरी करायलाच हवं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून मी त्यांना अंबरनाथहून माझ्या गाडीतून उल्हासनगरला नेत होते. ते पुढं, माझ्या शेजारी बसले होते. पिशवी मांडीवर, अंगात इस्त्रीचा शर्ट. एका वळणावर कुत्रं आडवं आलं आणि मी कचकन ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. बाबांनी पुढच्या काचेतून खाली वाकून बघितलं, कुत्रं सुखरूप पळालं होतं.

“ब्रेक मस्त आहेत हं तुझे,” ते खूश होऊन म्हणाले. “ऑईल कुठलं टाकतेस?”

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. जाणकार माणूस आपल्या विषयातलं विचारतो, तसं विचारत होते.

“कंपनीचं,” मी म्हणाले.

“तेच टाकत जा,” बाबा म्हणाले. “हल्ली बाजारात लोक काय वाट्टेल ते विकतात.”

ऑपरेशन चांगलं झालं. घरी परत नेताना मी त्यांना मागच्या सीटवर बसवलं.